दोन बोटं खाली

१९९३ साली आलेल्या मारुती झेनला आजही जिवापाड जपणारे लोक आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना एकच गोष्ट खुपते: चाक आणि वरची कमान यांच्यातली फट. मलाही खुपते. गाडी दोन बोटं खाली बसली की तिचा डौलच पालटतो, ती रस्त्याला धरून चालेल असं उभी असतानाच वाटतं. या ओढीला नुसती हौस म्हणून हसणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

मात्र गॅसकटरने स्प्रिंगचं वेटोळं उडवायची गल्लीतली पद्धत मला बघवत नाही. आचेने पोलादाचं पाणी उतरतं, कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आखूड स्प्रिंग मुळातच तशी घडवलेली हवी. दबायला जागा कमी, म्हणून ती ताठ लागते. तार १० टक्के जाड केली तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तिथे जाडीचा चौथा घात लागू पडतो. थकलेल्या जुन्या शॉक-अॅब्जॉर्बरना मग ती उसळी आवरत नाही, तेही बदलायचे.

आणि आपले रस्ते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३३५ मिलिमीटर. म्हणजे चारही चाकं त्या गोलाईवर असताना पोटाखाली जेमतेम ४ सेंटिमीटर उंचवटा येतो. खाली उतरवलेली झेनही तो सहज ओलांडते. पोट घासतं ते रातोरात ओतलेल्या, हातभर रुंदीच्या डांबरी वरंब्यावर, आणि असे वरंबे घालणाऱ्यांवर माझा खरा राग आहे.

कामाला घाई नको. पुढच्या स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला दोन्ही बाजूंनी लावलेले स्प्रिंग-कॉम्प्रेसर सारखे आवळल्याशिवाय वरच्या नटाला पाना लावू नये. सुटली तर हाड मोडते. मागच्या अॅक्सलला आडव्या दांड्याने बॉडीशी बांधलेलं असतं, त्यामुळे गाडी उतरली की अॅक्सलही किंचित एका बाजूला सरकतो.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत. ती चाकांवर उभी करावी, थोडी मागेपुढे ढकलून बसू द्यावी आणि मग आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्यानंतर लगेच अलाइनमेंट, कारण उंची बदलली की पुढच्या चाकांचा कोनही बदलतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात.