टोकाचा बिंदू

१६ जुलै २०१९
गुरुपौर्णिमा. सरांच्या पाया पडले. अभ्यासक्रमात नाही, तरी बैजिक भूमिती शिकायची आहे म्हटलं. त्यांनी कपाटातून श्रीराम अभ्यंकरांचं १९९० चं जाड पुस्तक काढलं. "ज़ेरॉक्स करवा लो. और हर सवाल हाथ से करना."

२२ जुलै, सोमवार
महाकालाची पहिली सवारी. दुपारपासून रस्ते बंद, मॅजिक गाडी मिळेना. घरीच. टीव्हीवर चांद्रयान-२ चं उड्डाण.
आजीला सांगितलं, आज अभ्यंकरांचा जन्मदिवस. १९३०, जन्म इथलाच, उज्जैनचा. आजी म्हणाली, "कोणते अभ्यंकर? कोणाकडचे?" घराण्याचं मला काय ठाऊक. एवढंच ठाऊक की मुंबईहून हार्वर्डला गेले, झारिस्कींकडे पीएच.डी. केली, १९५५ मध्ये.

२ ऑगस्ट
आपला श्रावण आजपासून. इथल्यांचा पंधरा दिवस आधीच लागलाय. आजी दोन्ही पाळते.

६ ऑगस्ट
वर्तुळ. क्ष² + य² = १. बिंदू (−१, ०) मधून रेषा काढायची, चढ त. ती वर्तुळाला आणखी एकाच ठिकाणी छेदते: क्ष = (१ − त²)/(१ + त²), य = २त/(१ + त²).
त = १/२ ठेवलं. ३/५, ४/५.
त = २/३. ५/१३, १२/१३.
शाळेत पाठ केलेले त्रिकोण एकामागून एक बाहेर येतात. रात्री दोनला दिवा मालवला.

९ ऑगस्ट
बाबांनी पुन्हा बी.एड.चं काढलं. मी भेंडी चिरत राहिले.

१९ ऑगस्ट
य² = क्ष³. आलेख काढला. आरंभबिंदूशी दोन्ही फांद्या येऊन टोक होतं. तिथे दोन्ही आंशिक डेरिव्हेटिव्ह शून्य होतात. हा सिंग्युलर पॉइंट.
आता य = क्षत घाला. क्ष²त² = क्ष³. क्ष² काढून टाका. उरतं त² = क्ष.
साधा परवलय. टोक गेलं!
एवढंच करायचं होतं? नववीचं बीजगणित. अभ्यंकर याच बीजगणितासाठी जन्मभर भांडले, नव्या अमूर्त भाषेच्या लाटेतही हाताने आकडेमोड सोडली नाही. मला ते फार पटतं. तयार सिद्धांत ऐकून हा आनंद मिळाला नसता.

२० ऑगस्ट
य² = क्ष² + क्ष³. इथे वक्र स्वतःलाच छेदतो. तीच युक्ती: त² = १ + क्ष. क्ष शून्य असताना त = १ आणि त = −१. एकाच बिंदूवर अडकलेले दोन रस्ते सुटे झाले.

२ सप्टेंबर
गणपती बसले. वहीला सुट्टी.

१५ सप्टेंबर
पाऊस थांबत नाही. शिप्रा रामघाटावर चढली, छोटी देवळं पाण्यात. बाबा पुलापर्यंत जाऊन परत आले.
घरात कॅरॅक्टरिस्टिक पी वाचतेय. तिथे (क्ष + य) चा पी घात म्हणजे नुसते क्ष आणि य चे पी घात, मधली सगळी पदं शून्य. क्ष च्या पी घाताचा डेरिव्हेटिव्हही शून्य. नेहमीची हत्यारं हातातून जातात. अभ्यंकरांनी नेमकं इथेच, पृष्ठांसाठी, सिंग्युलॅरिटी सोडवून दाखवली. विशीत होते तेव्हा. १९६६ मध्ये तीन मितींसाठी, पी पाचापेक्षा मोठा असताना. कॅरॅक्टरिस्टिक शून्यात हिरोनाकांनी १९६४ मध्ये सगळ्या मितींत केलं. पी असेल तर चार मितींपासून पुढे अजून कोणालाच जमलेलं नाही.

३० सप्टेंबर
नेटचा फॉर्म भरला. बी.एड.चा टेबलावर तसाच.

११ ऑक्टोबर
पृष्ठं सुरू. क्ष² = य²झ. व्हिटनीची छत्री म्हणतात. आरंभबिंदूशी फुगवायची: क्ष = झक्ष′, य = झय′.
झ² काढून टाकलं. आलं क्ष′² = य′²झ.
तीच छत्री.

१२ ऑक्टोबर
पुन्हा केलं. छत्री.

१७ ऑक्टोबर
सरांना दाखवलं. आकडेमोड बरोबर आहे म्हणाले. "सोचो, फोड़ कहाँ रही हो." पुढे काही सांगितलं नाही. बरं केलं.

२७ ऑक्टोबर
दिवाळी. पुण्याहून मावशीचा फोन. अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान तिच्या घरापासून लांब नाही. "येऊन राहा चार महिने," म्हणाली. आई ऐकत होती. बाबांनी रेडिओ लावला.

२ नोव्हेंबर
२०१२ मध्ये आजच्या दिवशी अभ्यंकर गेले. अमेरिकेत, वेस्ट लाफायेटला, टेबलाशी काम करता करता. ब्याऐंशी वर्षांचे होते.
संध्याकाळी वेधशाळेत जाऊन बसले. सम्राट यंत्राची सावली पार लांबली होती. छत्रीचाच विचार.

५ नोव्हेंबर
दुखणं एका बिंदूत नाहीच! झ-अक्षावरचा प्रत्येक बिंदू सिंग्युलर आहे. मग अख्खी रेषाच केंद्र धरायची.
क्ष = यक्ष′. य²क्ष′² = य²झ.
क्ष′² = झ.
गुळगुळीत. दुसरा चार्ट बघायचा राहिला. क्ष = क्ष, य = क्षय′. १ = य′²झ. त्यातही काही खोट नाही.
मैत्रिणीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तिला निम्मं कळलं, तरी ओरडली.

८ नोव्हेंबर
बाबांनी विचारलं, पुण्याला जायला कोणती गाडी सोयीची. बी.एड.चा फॉर्म टेबलावर नाही. कोणी उचलला, मी विचारलं नाही.
आता तेच समीकरण कॅरॅक्टरिस्टिक दोनमध्ये. क्ष² चा डेरिव्हेटिव्ह २क्ष शून्य होतो, म्हणजे सिंग्युलर बिंदू कुठे कुठे आहेत ते पहिल्यापासून शोधायचं.