फळ्यावरचं तळं

केलीव्हिलहून सहा तास गाडी चालवत जायचं आणि तेही डोंगरातलं एक तळं बघायला, हे ऐकून मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात लोक समुद्रावर जातात!" पण मला ब्लू लेक बघायचंच होतं. कोझिअस्को राष्ट्रीय उद्यानातलं हे तळं समुद्रसपाटीपासून साधारण 1,900 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्याही वर!

माझ्या हट्टाचं कारण जुनं आहे. भूगोलात एम.ए. करून मी साताऱ्याकडे नववीला शिकवत असे. हिमनदीच्या धड्यात हिमगव्हराची आकृती खडूने इतक्यांदा काढली की डोळे मिटून काढता आली असती. पण आपला सह्याद्री पडला बेसाल्टचा, तिथे हिमनदीची खूण कुठून दाखवणार? मुलांना गडावरची टाकी दाखवता येत, हिमगव्हर मात्र फळ्यावरच राही.

शार्लट पासहून वाट सुरू होते. पूर्ण फेरी 22 किलोमीटरची. आम्ही ब्लू लेकपर्यंत जाऊन परत, असे साधारण 10 किलोमीटर ठरवले. आपल्याकडे पायथ्याच्या गावातून चढायला लागायचं. इथे आधी उतार. पांढऱ्या, पिळवटलेल्या खोडांचे स्नो गम मागे पडले, की खाली स्नोई नदी. दगडांवर पाय ठेवत ती ओलांडली आणि मग खरा चढ लागला. झाड एकही नाही, नुसतं गवत, रानफुलं आणि तोंडावर वारा.

माझी अकरा वर्षांची लेक कुरकुरत होती. आमच्या घरात मराठी आहे, पण "जेवायला ये", "पसारा आवर" एवढ्यापुरती. शाळेतलं काही विचारायचं झालं की ती आपसूक इंग्रजीत शिरते आणि मीही तिच्यामागे जाते. मराठी ही आईची भाषा, पण अभ्यासाची नव्हे, असं तिने न सांगता ठरवून टाकलेलं. मला ते बोचत असे.

शेवटचं वळण घेतलं आणि तळं दिसलं. तिन्ही बाजूंनी ग्रॅनाइटचे कडे, मध्ये गडद निळं पाणी, 28 मीटर खोल. माझी आकृती, जशीच्या तशी! मी तिथेच बसून शिकवायला लागले, मराठीतच. पश्चिमेचे वारे कड्यावरून बर्फ उडवून या बाजूला टाकत. इथे दक्षिणेकडची बाजू सावलीची, आपल्याकडच्या बरोबर उलट. म्हणून बर्फ वितळत नसे. साचून साचून त्याचा भार झाला, तो सरकू लागला आणि त्याने खडक कोरला. हजारो वर्षांनी बर्फ गेला, खळग्यात पाणी राहिलं.

"याला हिमगव्हर म्हणतात. गव्हर म्हणजे खोल खळगा, गुहा."

"आणि ते दगडांचे ढीग?"

"हिमोढ."

ती जरा थांबली. "हिमाने ओढून आणलेले?"

तसं पाहिलं तर शब्दात संस्कृत 'ऊढ' आहे, वाहून आणलेलं. पण तिचा अर्थही चपखल बसत होता. इंग्रजीतला 'मोरेन' तिला पाठ करावा लागला असता. मराठी शब्दाने स्वतःच उलगडून सांगितलं. परतताना ती एकेक दगड दाखवून विचारत होती, "आई, हा हिमोढ?" निम्म्या वेळा नव्हता. तेही मी सांगितलं, बाईंच्या आवाजात. आठ वर्षांनी तो आवाज मलाच ऐकू आला.

आपण रविवारच्या शाळेत मुलांना सणांची, गोष्टींची मराठी देतो. ती हवीच. पण कारणं सांगणारी मराठीही आपल्याकडे आहे, तीही द्यायला हवी. तुम्ही डॉक्टर असाल, इंजिनिअर असाल, तर तुमच्या विषयातली द्या.

जाणार असाल तर डिसेंबर ते मार्च बरे. उन्हाळ्यातही वाऱ्याचं जाकीट, टोपी, भरपूर पाणी बाळगा. तिथे हवा तासाभरात फिरते. तळ्याच्या परिसरात तंबू ठोकायला बंदी आहे. आणि थोडं बळ राखून ठेवा, कारण जाताना उतरलेला उतार येताना शेवटी चढायचा असतो. लेक तिथे म्हणाली, "आई, आता बोलू नकोस, फक्त चढ."