नाव बंगालचे, माहेर कॅलिफोर्नियाचे

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे तास-दीड तास मोटार हाकली की रेडलंड्स लागते. संत्र्यांच्या बागा, त्यांच्यामागे सॅन बर्नार्डिनोचे उंच डोंगर आणि डोंगरांपलीकडे वाळवंट. प्रवासी इथे संत्री पाहायला येतात. आम्ही निघालो होतो मांजरे पाहायला! माझ्या भाचीचा संसार याच भागात आहे. तिच्या चिमूने दहाव्या वाढदिवसाला 'बेंगॉल' मांजर हवे म्हणून हट्ट धरलेला. घरात मामाआजोबा पाहुणे असले म्हणजे असल्या मोहिमेवर त्यांची नेमणूक ठरलेलीच.

या मांजरांचे नाव बंगालचे खरे, पण घराणे अमेरिकेतले. आशियाच्या रानांत, आपल्या सह्याद्रीतसुद्धा, बिबट्यासारखे ठिपके असलेले एक लहानसे रानमांजर असते. १७९२ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या नावाला बंगाल चिकटवला. १९६३ साली अ‍ॅरिझोनात जीन मिल नावाच्या बाईंनी अशा एका मादीचा घरगुती काळ्या बोक्याशी संकर घडवून आणला. पुढे रेडलंड्सच्या शेजारच्याच लोमा लिंडा विद्यापीठातले डॉ. विलर्ड सेंटरवॉल मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करीत होते, त्यांच्याकडची संकरित मांजरे बाईंना मिळाली. आणि १९८२ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारा एक नारिंगी ठिपकेदार बोका त्यांनी अमेरिकेला नेला. गेंड्याचा शेजारी एका उंची खानदानाचा मूळपुरुष झाला. दिल्लीकरांना याचा पत्ता तरी असेल का?

आम्ही गेलो त्या घरच्या बाई साठीच्या, बोलायला मोकळ्या. दार उघडताच एक मांजर थेट कपाटाच्या माथ्यावरून माझ्या खांद्यावर! उन्हात त्याच्या अंगावरचा केस न् केस सोन्याची भुकटी शिंपडल्यासारखा चमकत होता. आपल्याकडची मनी पाण्याचा थेंब पडला तरी पाय झटकीत पळते. इथे एक पठ्ठ्या मोरीच्या कठड्यावर बसून पंजाने नळाची दांडी वर करी आणि धारेशी खुशाल खेळे. मांडीवर घटकाभर निजण्याचा यांचा स्वभाव नव्हे. पण माणसाची संगत हवी. स्वयंपाकघरात जा, न्हाणीघरात जा, हे मागोमाग येणार आणि वर सारखे बोलणार. घरात एक द्वाड, हुशार मूल असावे, तसाच प्रकार. चिमू तर पाघळूनच गेली.

बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं घर दिवसातून किती तास रिकामं असतं?"

भाची चाचरली. दोघे नोकरीला, चिमू शाळेत. "नऊ तास."

बाई काही न बोलता आम्हांला परसात घेऊन गेल्या. जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात उंच फळीवर एक म्हातारा बोका बसला होता. याचा आजा रानातला. तीन पिढ्यांपर्यंत रान अंगातून जात नाही. त्या पिढ्यांतल्या बोक्यांना बहुधा पिल्लेही होत नाहीत. घरात पाळायची ती चौथ्या पिढीपासून पुढची. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याला तर पाच पिढ्यांचे अंतर लागते आणि हवाई बेटांवर असल्या संकरांना मुळीच प्रवेश नाही. या बोक्याला दोन घरांनी हौसेने नेले आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडले. गाद्या-कोचांवर मुतून तो आपली हद्द आखी, परक्याचा हात लागू देत नसे.

"माझी पिल्लं इतकी रानटी नाहीत," बाई म्हणाल्या, "पण नऊ तास एकटी ठेवाल तर पडदे फाडतील, दिवसभर ओरडतील आणि मग तुम्हीही त्यांना परत आणाल. न्यायचीच तर दोन न्या, आणि तीही उन्हाळ्याच्या सुटीत, मुलगी घरी असताना."

चिमू जाळीला नाक लावून उभी होती. बोक्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि पाठ फिरवली.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या आसनावरून आवाज आला, "मामाआजोबा, आई रिटायर कधी होणार?"

भाचीने गाडीचा वेग वाढवला.