ही धाप मेंदूची!

पोट अजून दिसतही नाही, दुसराच महिना, आणि हरवळ्याच्या धबधब्याकडच्या पायऱ्या चढताना मला चक्क धाप लागते! आमच्या साखळी गावात ज्या बाईला सांगावं तिचं उत्तर ठरलेलं : ‘‘दोन जिवांची गो तू, ओझं होणारच.’’ अहो, पण कसलं ओझं? दुसरा जीव जेमतेम दीड सेंटिमीटरचा!

तपासणीच्या वेळी डॉक्टरबाईंनी खुलासा केला, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला तो ऐकवत सुटले आहे. या धापेचं मूळ मेंदूत आहे! गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला हळवं करून टाकतं. एरवी रक्तात जेवढा कार्बन डायऑक्साइड त्याला खपायचा, तेवढा आता खपत नाही. लगेच हुकूम सुटतो, श्वास खोल घे! गंमत म्हणजे श्वासांची संख्या फारशी वाढत नाही. वाढते ती खोली. जिथे 500 मिलिलिटर हवा आत जायची तिथे दिवस भरत येतात तसतशी 650-700 जाते. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 वरून 30 मिलिमीटरच्या आसपास उतरतो. आणि हा खटाटोप बाळाच्याच फायद्याचा! वाळवंटी नदीचं पाणी उताराकडे धावतं, तसा बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड आईच्या रक्ताकडे वाहतो. उतार आई आधीच करून ठेवते, तिला पत्ताही नसताना!

तहानेचंही तेच. रक्त नेहमीपेक्षा पातळ असतानाही मेंदू पाणी मागतो, कारण त्याने तहानेची पातळीच खाली आणलेली असते.

आणि उलट्या! डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने बोट ठेवलं ते जीडीएफ-15 या संप्रेरकावर. गर्भाकडून ते आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या भागात मळमळ जागी करतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या शरीरात ते कमी असतं, त्यांना त्रास जास्त. म्हणजे ‘नाजूक आहे, नखरे करते’ म्हणणाऱ्यांची तोंडं आता बंद व्हायला हरकत नाही!

मात्र सगळीच धाप प्रोजेस्टेरॉनच्या खात्यावर टाकू नका. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, छाती धडधडली किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदरपणात ते 11 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि त्याला औषध आहे.