अक्षरे तीन, आजार दोन

मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून दिवसभर विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बायकांना कंबरदुखी नवी नाही. अशा एखाद्या बाईच्या केसपेपरवर निदान म्हणून नुसते ‘पीआयडी’ लिहिले असेल, तर तिला झाले आहे काय? अस्थिरोग विभागात या अक्षरांचा अर्थ मणक्यातली सरकलेली चकती. स्त्रीरोग विभागात गर्भाशय आणि बीजवाहिन्यांचा जंतुसंसर्ग. पहिल्यात विश्रांती, व्यायाम आणि क्वचित शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्यात अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स, आणि तो हुकला तर वंध्यत्वाचा धोका. कंबर दोन्हींत दुखू शकते. दोन्ही अर्थ पाठ्यपुस्तकांतले आहेत, म्हणूनच ते धोक्याचे आहेत: वाचणाऱ्याला शंकाच येत नाही.

‘एमएस’चेही तेच. हृदयरोगतज्ज्ञाला त्यात अरुंद झालेली मायट्रल झडप दिसते, मेंदूविकारतज्ज्ञाला मल्टिपल स्क्लेरॉसिस. औषधाच्या चिठ्ठीवर ते मॉर्फिन सल्फेटही असू शकते आणि गरोदरपणातल्या झटक्यांवर देतात ते मॅग्नेशियम सल्फेटही. ‘ओडी’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या तपासणीत उजवा डोळा. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’साठी घाईत लिहिलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसला, की १०चे १०० होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्येच ‘यू’ आणि ‘एमएस’ ही दोन्ही रूपे वापरण्यास मनाई केली. आपल्याकडे २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. निदानही तितक्याच स्पष्टपणे लिहिले जावे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो, की संदर्भावरून अर्थ कळतोच. कळतो, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या विभागाला. सोलापूरच्या ‘सिव्हिल’मध्ये जिल्ह्याबाहेरून, धाराशिवहून, सीमेपलीकडच्या कलबुर्गी-विजयपूर भागातूनही रुग्ण येतात. कुणी कन्नड बोलतो, कुणी तेलुगू. आपले दुखणे त्याला डॉक्टरांच्या भाषेत सांगता येत नाही, तेव्हा हातातला कागदच त्याच्या वतीने बोलतो. आणि तो कागद वाचणारा डॉक्टर दुसऱ्याच विभागाचा, दुसऱ्याच गावचा असतो. दुसरा आक्षेप गर्दीचा. ओपीडीची रांग मी नाकारत नाही, आणि सगळी संक्षेपरूपे टाका असेही म्हणत नाही. ‘टीबी’, ‘ईसीजी’ यांनी कुणाचा घोटाळा होत नाही. ज्यांना दोन अर्थ आहेत तेवढी पूर्ण लिहा. ‘स्लिप डिस्क’ लिहायला काही सेकंद पुरतात, चुकीच्या विभागातला फेरा मात्र रोजंदारीवरच्या बाईचा अख्खा दिवस खातो. संगणक आला की प्रश्न सुटेल, ही आशाही फोल आहे. टंकलेले ‘पीआयडी’ सुवाच्य असते, स्पष्ट नसते.

म्हणून प्रत्येक रुग्णालयाने अशा दुहेरी अर्थाच्या अक्षरांची यादी करून ती विभागाविभागांत लावावी. आणि वाचकहो, डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वी कागदावरच्या अक्षरांचा अर्थ विचारा आणि तो पूर्ण शब्दांत लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.