बिनलोडची बॅटरी

अब्बा टेलिफोन खात्यात होते. त्यांची निम्मी नोकरी एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. घरातली लाइट गेली तरी फोन कसा चालतो, याचं आम्हा भावंडांना फार नवल वाटायचं. उत्तर त्या अ‍ॅसिडच्या वासाच्या खोलीत होतं. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका रांगेत, मिळून ४८ व्होल्ट. अशा दोन रांगा. एक दुरुस्तीला घेतली तर दुसरी आहेच.

महिन्यातून एकदा अब्बा चार्जर बंद करायचे. एक्स्चेंजचा सगळा भार बॅटरीवर टाकायचे आणि मीटर घेऊन एकेका सेलपुढे उभे राहायचे. मी विचारलं होतं, रोज मीटर लावताच, मग मुद्दाम हे कशाला? म्हणाले, "बगैर लोडकी बॅटरी झूठ बोलती, बेटा." कमजोर सेल रिकामा बसलेला असतो तेव्हा मीटरवर पूर्ण दोन व्होल्ट दाखवतो. भार टाकला की काही मिनिटांत मान टाकतो.

पुढे मीही याच धंद्यात आलो आणि हे वाक्य साफ विसरलो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयाच्या फोनचं काम माझ्याकडे आलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचा क्रमांक त्यातच होता, म्हणून अट एकच : फोन बंद पडता कामा नये. बाहेरून दोन ई-वन लाइन घेतल्या. एका लाइनवर एका वेळी ३० जणांना बोलता येतं. प्रत्येक लाइनला स्वतंत्र गेटवे. गेटवे म्हणजे टेलिफोन कंपनीच्या लाइनीवरचा आवाज आतल्या नेटवर्कच्या भाषेत आणणारा डबा. दोन गेटवे, दोन यूपीएस, दोन स्विच. आतल्या बाजूला दोघांचा मिळून एकच पत्ता. पहिला गेटवे दर सेकंदाला "मी आहे" असं सांगत राहतो. साडेतीनेक सेकंद हाक आली नाही की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. बाहेरच्या बाजूला पहिली लाइन मेलेली दिसली की एक्स्चेंज कॉल दुसरीकडे वळवतं.

हिशेबही छान होता. एक गेटवे ९९.९ टक्के वेळ चालतो असं धरा. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे वर्षाला जेमतेम ३२ सेकंद. मी हे कागदावर छापून दिलं होतं.

सुपूर्दगीच्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्या गेटवेची वायर उपटली. चालू कॉल तुटले, ते तुटणारच होते. पण चार सेकंदांत नवा कॉल लागला. चहा आला, सही झाली.

बिघाड झाला तो रात्री दोनच्या सुमारास. पहिला गेटवे बंद पडला असता तर काहीच अडचण नव्हती. तो बंद पडलाच नाही! आवाजाची प्रक्रिया करणारी चिप तेवढी गोठली. बाकी डबा ठणठणीत. दर सेकंदाला "मी आहे", एक्स्चेंजला "लाइन चांगली आहे", हिरवा दिवा चालू. कॉल यायचा, घंटी वाजायची, ऑपरेटर उचलायची आणि दोन्हीकडे शांतता. रात्रीचे रिकामे कॉल तिला नवे नव्हते; हॅलो-हॅलो करून ती ठेवून द्यायची. शेजारी दुसरा गेटवे पूर्ण तयारीत उभा होता, त्याला कुणी बोलावलंच नाही. पाचला शिफ्ट बदलली तेव्हा नव्या माणसाला शंका आली.

सकाळी मी नोंदी काढल्या. एकाच क्रमांकावरून चार कॉल, प्रत्येक आठ-दहा सेकंदांचा. चौघांपुढे शेरा : उत्तर मिळाले. दुपारी तो माणूस स्वतःच तक्रार घेऊन आला होता. बायकोला कळा सुरू झालेल्या, शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून आणलं. बाई आणि मूल दोघं सुखरूप होती, अल्लाहचं करम. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "फोन तर उचलत होते ना, मग बोलत का नव्हते?"

दोन यंत्रं एकाच वेळी मरत नाहीत, हे गृहीतही फार विश्वासाचं नाही, हे मी नंतर वाचलं. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास लंगडलं. ११४ मोठी स्विच, एकमेकांना आधार देणारी. पण सगळ्यांत एकच नवं सॉफ्टवेअर आणि त्यात एकच चूक. एक स्विच सावरून "मी परत आलो" म्हणालं, की त्या निरोपानेच शेजारचं कोसळायचं. माझेही दोन गेटवे एकाच बनावटीचे होते. आज विचाराल तर मी दोन वेगळे घेईन, देखभालीची कटकट वाढली तरी.

उपाय सोपा निघाला, याचीच जास्त लाज वाटली. "मी आहे" यावर विश्वास ठेवणं सोडलं. आता दर पाच मिनिटांनी एका वेगळ्या मोबाइल सिमवरून दोन्ही लाइनींच्या चाचणी क्रमांकांवर खराखुरा कॉल जातो. पलीकडे ठरावीक सूर वाजतो. तो परत ऐकू आला तरच लाइन जिवंत. लागोपाठ दोनदा आला नाही की आम्ही आपणच ती लाइन पाडतो, म्हणजे एक्स्चेंज दुसरीकडे वळतं. दोन्ही एकदम नापास झाल्या तर मात्र काही पाडायचं नाही, माणसाला उठवायचं. आणि ऑपरेटरच्या टेबलावर पुठ्ठ्यावर लिहिलंय : तीन मुके कॉल आले की या मोबाइलवर सांगा.

शिवाय महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी, आम्ही मुद्दाम दुसऱ्या गेटवेवर जातो आणि आठवडाभर त्याच्यावरच काम करतो. पहिल्यांदा व्यवस्थापक वैतागले होते. "चांगलं चाललेलं बंद कशाला करता?"

मी त्यांना बॅटरी रूमची गोष्ट सांगायला लागलो, पण त्यांना मीटिंग होती.