पाय कुठे ठेवू?

औंढ्याच्या नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. खाली उतरणारी वाट अरुंद, पायऱ्या उंच, आणि छत इतकं बुटकं की खाली उभं राहता येत नाही. लहानपणी वसमतहून आम्ही दर्शनाला जायचो तेव्हा आजी पुढे आणि मी तिचं लुगडं धरून मागे. पायरीगणिक अंग आकसायचं, बोलणं थांबायचं, वरचा गोंगाट विरत जायचा. देवासमोर पोचेपर्यंत माणूस वाकलेलाच असायचा, आणि वाक म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नसायचं.

आता पुण्यात एका छोट्या चमूत मी ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांसाठी क्वेस्ट लिहितो. कुठल्याही भुयाराचा नकाशा आखताना कागदावर पहिल्यांदा त्या पायऱ्या उमटतात.

क्वेस्ट म्हणजे खेळाडूला सोपवलेली कामगिरी. वेशीवर एखादा म्हातारा भेटतो, गाऱ्हाणं सांगतो, काही आणायला किंवा कुणाला शोधायला पाठवतो. कामगिरी फत्ते झाली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की नवा मुलूख खुला होतो. ही शिडी १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने कागदावर मांडली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा निव्वळ मजकुराचा खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला, आणि एकाच जगात अनेक माणसं ती शिडी चढू लागली. २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला तेव्हा तिला साठ पायऱ्या होत्या, आणि काम देणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह तरंगायचं.

पायऱ्यांची उंची ठरवणं हा आमच्या कामातला हिशेबी भाग. पहिली पायरी काही मिनिटांत, पुढची जरा उशिरा, पन्नासावी कित्येक तासांनी. यातही माणसाचं मन कळावं लागतं. ‘वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे व्हायचे, आणि खेळाडू चिडायचे. मग बनवणाऱ्यांनी हिशेब जवळपास तोच ठेवून मांडणी उलटी केली: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण, पुढे नेहमीचे. तक्रार थांबली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. तेवढ्याच गुणांना एकीकडे दंड म्हटलं होतं आणि दुसरीकडे बक्षीस, आणि माणसाला जाणवतं ते नावच.

पण शिडी नीट बांधली म्हणजे प्रवास घडला असं होत नाही. हे मला आजीच्या तोंडून ऐकलेल्या एका कथेनं शिकवलं. ती कथा आमच्याच जिल्ह्यातली. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी कयाधूच्या काठावर, आणि कथा जिथे कळसाला पोचते ते औंढा.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, म्हणाले गोरोबा. मग बघा की, आमच्यातलं कोण कच्चं! गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत राहिले, नामदेव रागावले. हे मडकं कच्चं आहे, असा निवाडा झाला. दुखावलेले नामदेव पंढरपुरी विठ्ठलाकडे गेले, आणि ज्याच्याशी रोज बोलायचं त्या देवानंच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे पाहतात तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, तूच उचल, आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे लिंग. तिसरीकडे ठेवले, तिथेही लिंग.

“मग?” मी दरवेळी विचारायचो.

“मग काय, लेकरा? कुठं ठेवावं पाय, सांग तूच,” आजी म्हणायची आणि थांबायची.

क्वेस्ट लिहिणाऱ्याच्या नजरेनं ही कथा मी कित्येकदा उलगडून पाहिली आहे. थापटणं म्हणजे लेव्हल मोजण्याचं साधन, तेही चारचौघांत वापरलेलं, म्हणून झोंबणारं. पाठवणारा परका नाही, नामदेवांचा सगळ्यात जवळचा आहे, म्हणून नाही म्हणता येत नाही. हे सगळं उत्तम आहे, पण माझा जीव अडकतो तो पाय उचलण्यात. करायची गोष्ट एकच आणि अगदी साधी. नामदेव ती पुन्हा पुन्हा करतात आणि प्रत्येक वेळी हरतात. हरता हरता त्यांना जे दिसतं ते विसोबांनी शब्दांत सांगून कधीच दिसलं नसतं.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात बदनाम काम आहे ‘दहा लांडगे मारून ये’. तिथेही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असते. पहिला लांडगा आणि दहावा लांडगा यांत फरक काही नसतो, फक्त कोपऱ्यातला आकडा वाढतो. खेळाडू पुनरावृत्तीला कंटाळतात असं सर्रास म्हटलं जातं, आणि मला ते पटत नाही. वारकरी दरवर्षी त्याच वाटेनं चालतात, गवई तोच स्वर पहाटे घोटतो. एखादी गोष्ट पाचव्यांदा करताना ती पहिल्या वेळेसारखीच वाटली, की माणूस उठून जातो.

हे मोठमोठ्यांनाही चुकवता आलेलं नाही. ‘वॉरक्राफ्ट’च्या क्वेस्ट रचणाऱ्या जेफ कॅपलन यांनी २००९ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत स्वतःच लिहिलेली एक कामगिरी वाईट म्हणून सगळ्यांसमोर मांडली. जंगलात विखुरलेली एका पुस्तकाची पानं गोळा करायची होती. पानांनी खेळाडूंच्या पिशव्या भरून जात आणि हवं ते पान काही मिळत नसे. क्वेस्टच्या मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा होती, आणि तीही जास्तच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःच्या कामाकडे इतक्या स्वच्छ नजरेनं पाहणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे.

माझी पहिली क्वेस्ट हळदीची होती. वसमतचा मुलगा दुसरं काय लिहिणार? शेतकऱ्यासाठी वीस हळकुंडं गोळा करून आणायची. हळद लावणीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने घेते, कंद वाढतो जमिनीखाली, वरून दिसतो फक्त पाला, आणि पाला वाळला की कंद तयार झाला असं समजायचं. मग शिजवणं, उन्हात वाळवणं, पॉलिश. हे सगळं डोळ्यांसमोर घडताना मी वाढलो, आणि तरीही लिहिलं काय, तर वीसचा आकडा. वाढ आत होते आणि बाहेर फक्त तिची खूण दिसते, हे माहीत असूनही मी खुणेलाच पीक समजलो. ती क्वेस्ट मी नंतर काढून टाकली.

कथेला आणखी एक भाग आहे. औंढ्याला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही. ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. म्हणून नंदी मागे राहिला, असं सांगतात. तो आजही मागेच आहे. ऑनलाइन खेळात हे करायला गेलं की मोठा पेच पडतो. एकाच जगात हजारो माणसं असतात. एकासाठी देऊळ फिरवलं तर ज्यांची क्वेस्ट अजून सुरूच झालेली नाही त्यांनी काय पाहायचं? २००८ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात ‘फेजिंग’ मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं: जागा एकच, पण ज्याची जेवढी मजल झाली तेवढं जग त्याला बदललेलं दिसतं. युक्ती देखणी होती, पण तिची किंमतही कळली. दोन मित्र एकाच ठिकाणी उभे असून एकमेकांना दिसेनात. बरोबर खेळायला आलेली माणसं वेगळ्या जगांत पडली.

म्हणून मला औंढ्याची तोड जास्त आवडते. देऊळ फिरलं ते सगळ्यांसाठी, एकदाच. मागाहून आलेल्याला तो चमत्कार पाहायला मिळत नाही. त्याला चुकीच्या जागी बसलेला एक दगडी नंदी दिसतो, आणि प्रश्न विचारायचा की पुढे चालायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं. आठशे माणसं विचारणार नाहीत, एक विचारेल. नव्या खेळात मी तसंच एक देऊळ केलं. खाली उतरणारी अरुंद वाट, मागे बसलेली मूर्ती, कुणाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह नाही, कोपऱ्यात आकडा नाही. चमूतल्या सहकाऱ्यांना काळजी वाटत होती की कुणाला कळणारच नाही, इथे काही आहे म्हणून. त्यांची काळजी खोटी नव्हती.

दिवाळीत वसमतला गेलो तेव्हा कच्चा खेळ बारा वर्षांच्या भाच्याच्या हातात दिला. स्वस्तातला फोन, रेंज कधी आहे कधी नाही. मी त्याच्या मागे वही घेऊन बसलो आणि काही बोललो नाही. संवाद त्यानं एकही वाचला नाही. अंगठा टकटक चालला होता. देवळात शिरला, खाली उतरला, वर आला, बाहेर पडून पुढच्या गावाच्या वाटेला लागला. वहीत मी ‘गेला’ असं लिहिलं. थोड्या वेळानं तो परत फिरला. देवळाला वळसा घातला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा वळसा. तिसऱ्या फेरीला त्याचा अंगठा थांबला. मान वर न करता म्हणाला, “मामा, ह्यो नंदी मागं कामून हाय?”

स्वयंपाकघरातून आजी काहीतरी सांगायला लागली. मी बोट ओठांवर ठेवून तिला थांबवलं.